तार तुटली नाही, तर बदलायची कशाला?



तत्त्वज्ञानाच्या मास्तराला गिटारच्या तारांशी काय देणंघेणं, असं आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल. मला गिटार वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आपल्या मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावातही आता मोबाइलवर बघून बघून गिटार शिकणारी मुलं आहेत. त्यांच्यापैकी एकाला मी सहज विचारलं, तारा किती दिवसांनी बदलतोस? तो म्हणाला, "सर, तार तुटली नाई त बदलाची कायले?"

हे शेतकऱ्याच्या घरातलं उत्तर आहे. विहिरीचा दोर, बैलाची वेसण, घरातली खाट, कोणतीही वस्तू कामातून जाईपर्यंत वापरायची. त्यात काही चूक नाही. पण पुढे त्यानं जे सांगितलं त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यात बसला. एकदा तार तुटली म्हणून त्यानं सगळ्याच्या सगळ्या सहा तारा नव्या लावल्या. आवाज खणखणीत झाला, घरच्यांनाही जाणवला, आणि याला मात्र दोन दिवस गिटार हातात घ्यावीशी वाटेना. का? तर "ते मही वाटतच नोती."

लाकूड तेच, हात तोच, गाणीही तीच. बदलल्या त्या तारा, आणि त्याही चांगल्यासाठी. मग परकेपणा आला कुठून? गिटार वाजवणाऱ्यांशी बोललात तर दोन्ही टोकं ऐकायला मिळतील. नवी तार चढवली की सणाचे कपडे घातल्यासारखं वाटतं, असं सांगणारे असतात. नव्या तारेचा आवाज कानाला टोचतो, म्हणून तिच्या जुनं होण्याची वाट पाहणारेही असतात. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा हा एकच माणूस असतो, फक्त वार वेगळा.

आधी तारेचं काय होतं ते पाहू, मनाचं नंतर. साध्या लोखंडी तारांच्या गिटारवर सहा तारा असतात. वरच्या सुरांच्या दोन बारीक तारा म्हणजे नुसती पोलादी तार. उरलेल्या जाड तारांत मध्ये पोलादाचा गाभा आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूची बारीक तार गच्च गुंडाळलेली. गुंडाळायची कशाला? तर खालचा सूर हवा असेल तर तार जड हवी, आणि नुसतंच जाड पोलाद वापरलं तर ते ताठ होतं, नीट थरथरत नाही. मारिन मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूनं 1636 साली हे नियम मांडले: तार लांब असेल तर सूर खाली, ताण वाढवला तर सूर वर, वजन वाढलं तर सूर पुन्हा खाली.

तार छेडली की एकच सूर निघतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती एकाच वेळी अखंड, दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत अशी थरथरत असते. या वरवरच्या थरथरींतून आवाजाला चकाकी येते. आता त्या गुंडाळलेल्या तारेच्या वळशांत बोटांचा घाम, तेल, त्वचेचा मळ जाऊन बसतो. आपल्याकडे घाटाखाली मे महिन्यात बोटांना घाम किती येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. घामातल्या मिठानं धातू काळवंडतो, साध्या तारेवर गंज धरतो. मळ बसला की सगळ्यात आधी त्या वरच्या बारीक थरथरी दबतात. मूळ सूर राहतो, चकाकी जाते. शिवाय मळ सगळीकडे सारखा बसत नाही आणि पट्ट्यांवर घासून तार जागोजागी चपटते. म्हणजे तिचं वजन जागोजागी वेगळं होतं. मग मोकळी तार सुरात लागते, पण बाराव्या पट्टीवर दाबली की सूर किंचित हलतो. मुलगा खुंट्या पिळत बसतो. त्याला वाटतं, कान बिघडला. कान ठीक असतो, तार थकलेली असते.

इथपर्यंतचं भौतिकशास्त्र सरळ आहे. पण मग तीन-चार महिने हे सगळं होत असताना वाजवणाऱ्याला कळत कसं नाही?

जर्मनीत लाइपझिगला एर्न्स्ट वेबर नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांनी 1830च्या दशकात माणसांच्या हातात वजनं देऊन पाहिलं. हातातल्या वजनात थोडी भर घातली तर माणसाला कळत नाही, ती एका ठरावीक प्रमाणाच्या वर गेली तरच कळते. तुमचा दूधवाला रोज एक चमचा पाणी वाढवत गेला तर महिनाभरानं तुम्ही पाणीच पीत असाल आणि चहाला दोष देत असाल. तारेचं असंच होतं. ती रोज एक चमचा मरते. ज्या कानानं ते पकडायचं, तो कान रोज त्याच मेलेल्या आवाजावर स्वतःला बेतून घेत असतो. तार आणि कान बरोबरच म्हातारे होतात. मग एका संध्याकाळी नवी तार चढते. मरण चार महिन्यांत आलं होतं, नवेपण दहा मिनिटांत येतं. म्हणून धक्का बसतो तो नवेपणाचा. जुन्या तारेचं जाणं आपल्याला कधी ऐकूच आलेलं नसतं.

मला वाटतं, त्या परकेपणाची मेख इथे आहे. "माझ्या गिटारचा आवाज" म्हणून तो मुलगा जे जपत होता ते गिटारचं रूप नव्हतं, त्याच्या कानाची सवय होती. नवी तार येऊन सांगते की तू जपत होतास ते बरंचसं मळ होतं. असं तोंडावर सांगणारा पाहुणा कुणाला आवडतो?

याच्यात भीतीही मिसळलेली असते, ती विसरू नका. सगळ्यात बारीक तार साधारण 0.30 मिलिमीटर जाडीची, आणि सुरात लागलेली असताना तिच्यावर दहा किलोच्या आसपास ताण असतो. सहाही तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास, म्हणजे एक धडधाकट माणूस त्या गिटारच्या मानेला सतत लोंबकळतोय असं समजा. ही बारीक तार चढवताना खुंटी पिळत पिळत तोंड जवळ न्यायचं, सूर वर वर जातोय, आणि शेवटच्या दोन पिळांना डोळे आपोआप मिटतात. नवशिक्या मुलांच्या नकारातला मोठा वाटा या दोन पिळांचा आहे. डोळे मिटून भागत नाही, तोंडच तारेच्या रेषेतून बाजूला ठेवावं. तुटलेल्या तारेचं टोक चांगलंच बोचतं.

आणि पैशाचंही बोललं पाहिजे. तारांचा संच काही शे रुपयांना येतो. शहरातल्या मुलाला ही रक्कम जाणवत नाही. इथल्या मुलाला संच मागवायचा म्हणजे कुरियरची वाट बघायची, नाहीतर राजूर घाट चढून बुलढाण्याला जायचं किंवा मलकापूर गाठायचं. त्यामुळे "मला जुन्याच तारा आवडतात" असं कुणी म्हणालं की मी सावध होतो. कधी ती आवड असते, कधी आळस असतो, आणि कधी खिशात पैसे नसतात. तिन्हींचं वाक्य एकच. नसलेल्या पैशाला आवडीचं नाव देणं ही गरिबाची अब्रू राखायची रीत आहे, तिला मी हसणार नाही. पण वाजवणाऱ्यानं स्वतःशी तरी हिशेब वेगळा ठेवावा.

आता कुणी म्हणेल, म्हणजे जुनी तार आवडणं ही नुसती सवय, नुसता भ्रम? नाही. इथे मला एका माणसाचं नाव घ्यावं लागेल, जेम्स जेमरसन. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मोटाऊन नावाची ध्वनिमुद्रण कंपनी होती. 1960च्या दशकातल्या तिच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत बास गिटार या माणसाची आहे. जाड, सपाट गुंडाळीच्या तारा तो वापरायचा, आणि त्या तुटल्याशिवाय बदलायचा नाही, अशी त्याची ख्याती. आपल्या मोताळ्याच्या मुलाचंच तत्त्व! पण फरक बघा. त्याच्या आवाजात चकाकी नको होती. त्याला हवा होता ठोका दिल्यासारखा, भरीव, चटकन विरणारा सूर, जो गाणाऱ्याच्या गळ्याखाली राहील आणि ढोलाशी जुळेल. मेलेली तार जे देऊ शकत नाही ते त्याला नकोच होतं. नवी तार कशी वाजते हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक असून त्यानं जुनी ठेवली. आमच्या मुलाला नवी तार कशी वाजते हेच आठवत नव्हतं. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. एकानं निवड केली आहे, दुसऱ्यानं निवड व्हायचीच राहिली आहे.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. आंद्रेस सेगोव्हिया हा स्पेनचा थोर गिटारवादक, जन्म 1893चा. त्याच्या काळात अभिजात गिटारच्या बारीक तारा जनावरांच्या आतड्याच्या असत. त्या हवेबरोबर फुगत-आकसत आणि तुटतही भराभर. दुसऱ्या महायुद्धात आतड्याचा धागा शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागला आणि वादकांना तारा मिळेनाशा झाल्या. न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टीन या कारागिरानं 1940च्या दशकात नायलॉनच्या तारा बनवल्या, आणि पन्नाशी गाठलेल्या सेगोव्हियानं त्या उचलून धरल्या. उभं आयुष्य आतड्यावर गेलेला माणूस, एका कारखान्यातल्या धाग्यावर आला. हळहळ वाटली नसेल का त्याला? त्याच्या मनातलं मी सांगू शकत नाही. पण एक विचार सुचतो. जी तार आठवड्यात तुटायची तिच्यावर जीव जडायला वेळच कुठे होता? जीव जडायला टिकणं लागतं. जुन्या तारांचा लळा हा पोलादानं आणलेला लळा असावा.

आता आपल्याकडे येऊ. मिरजेची तंबोऱ्याची आणि सतारीची परंपरा तुम्हाला माहीत आहे. तिची सुरुवात एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांपासून मानतात. घराणं शिकलगारांचं, म्हणजे मुळात हत्यारांना धार लावणारं. तलवारीचे दिवस सरले आणि हात वाद्यांकडे वळले. मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथे येतात आणि तंबोरे होऊन देशभर जातात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

गिटारवाल्या मुलांनी तंबोऱ्याकडे बघावं असं मी म्हणतो, त्याला कारण आहे. तंबोऱ्याला साधारणपणे चार तारा. त्या पट्ट्यांवर दाबायच्या नसतात, त्यामुळे त्या गिटारसारख्या झिजत नाहीत. त्यांची झीज होते ती घोडीवर, जिथे जवारी असते. (आपल्या भागात जवारी म्हटलं की आधी भाकर आणि मग हुरडा आठवतो, पण ही वेगळी.) हाडाच्या किंवा शिंगाच्या त्या रुंद घोडीवर तार अगदी हलकीशी टेकते आणि खाली सुताचा दोरा सरकवला की आवाज उघडतो, गुंजायला लागतो. त्या दोऱ्याला जाणकार 'जीव' म्हणतात, आणि असलं नाव देणाऱ्याला मी तत्त्वज्ञच म्हणेन. आता वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून तार घोडीवर बारीक घळ पाडते. मग नवी तार लावली तरी ती जुन्या तारेच्या घळीत बसते. आवाज म्हणावा तसा उघडत नाही. जवारी कारागिराकडून पुन्हा काढून घ्यावी लागते, दोरा पुन्हा शोधावा लागतो. तार गेली तरी तिची खूण वाद्यावर राहते. गिटारच्या पट्ट्यांवरही अशाच खाचा पडतात. नवी तार लावली आणि गिटार भणभणायला लागली, तर लगेच तारेला शिव्या देऊ नका, पट्टी बघा.

म्हणून मिरजेच्या कारागिराला कुणी "फक्त तार बदलून द्या" म्हटलं तर तो काम सुरू करायच्या आधी तंबोरा कानाजवळ घेतो. "फक्त तार" अशी गोष्ट त्याच्या लेखी नसते.

इथे पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकलेली मंडळी मला थीसिअसच्या जहाजाची आठवण करून देतील. जहाजाची एकेक फळी बदलत गेलो, तर शेवटी जहाज तेच का? मी हा प्रश्न वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, पण तारेला तो नीट लागू पडत नाही. जहाजाची फळी बदलताना ती जुनीसारखीच असावी अशी अपेक्षा असते. तार बदलतो ती वेगळी वाजावी म्हणून! बदल हवा म्हणून बदल करायचा, आणि बदल झाला म्हणून हळहळायचं, हा गुंता त्या जहाजात नाही.

तो मला सापडतो संयुत्तनिकायातल्या वीणेच्या गोष्टीत. आपल्यापैकी काहींनी ती विहारात ऐकली असेल. एका राजानं पहिल्यांदाच वीणेचा नाद ऐकला. तो मोहून गेला आणि म्हणाला, हा नाद माझ्याकडे घेऊन या. सेवकांनी वीणा आणून दिली. राजा म्हणाला, ही नको, मला तो नाद पाहिजे. सेवकांनी समजावलं की महाराज, भोपळा, कातडं, दांडी, तारा, वाजवायची नखी आणि वाजवणाऱ्याचे कष्ट, हे सगळं जुळून येतं तेव्हा ती बोलते. राजानं वीणा फोडली, तुकडे केले, तुकड्यांच्या ढलप्या काढल्या, त्या जाळल्या आणि राख वाऱ्यावर उडवली. नाद कुठेच सापडला नाही. मग वीणा म्हणजे फालतू वस्तू आहे असं म्हणून तो मोकळा झाला.

बुद्धांनी ही गोष्ट सांगितली ती 'मी' आणि 'माझं' याबद्दल. रूपात, वेदनेत, संज्ञेत शोधत जा, 'मी' नावाचा तुकडा हाती लागत नाही. आपल्या मुलाच्या "मही वाटत नोती" या वाक्यातला 'मही' हा शब्द घेऊन याच वाटेनं चाला. त्याच्या गिटारचं 'त्याचं'पण कुठे होतं? तारेत असतं तर तारेबरोबर गेलं असतं आणि परत आलं नसतं. लाकडात असतं तर गेलंच नसतं. ते गेलं, आणि आठ-पंधरा दिवसांत परतही आलं. म्हणजे ते जुळण्यात होतं: हात, कान, लाकूड, तार, आणि रोज संध्याकाळी तासभर बसणं. एक घटक बदलला की जुळणी ढिली पडते आणि पुन्हा बसते. मधल्या दिवसांत माणसाला चुकल्यासारखं वाटतं, ते खरंच आहे, त्याला खोटं म्हणायचं कारण नाही.

आता याच्या शेजारी आपल्या सप्ताहातली वीणा ठेवून बघा. अखंड हरिनाम सप्ताहात पहारे लागतात, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, सात दिवस खाली टेकत नाही. लोक वीणेच्या पाया पडतात. तिची तार बदलली तर गावात कुणाला हुरहुर लागली, असं माझ्या तरी कानावर आलेलं नाही. वीणा इतकी पूज्य, मग तारेचा लळा का नाही? मला वाटतं, ती कुणा एकाची नसते. पहाऱ्यागणिक हात बदलतो, म्हणून कुणा एकाच्या कानाला तिच्या आवाजाची मालकी सांगायला सवडच मिळत नाही. गिटार मात्र खोलीत एकट्यानं वाजवायची वस्तू झाली आहे. तिथे तारेचं म्हातारपण आणि कानाचं म्हातारपण यांच्यामध्ये तिसरा कुणी नसतो.

तर तो तिसरा आणायचा कसा, एवढंच आता सांगतो. नव्या तारा चढवण्याआधी जुन्या तारांवर एकच ओळखीचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग बदला. सगळ्या तारा एकदम काढल्या तरी गिटार मोडत नाही, पण नवशिक्यानं एकेक करून बदलावी, म्हणजे धीर राहतो. नवी तार सुरुवातीला सारखी उतरते. ती खुंटीवरच्या वेढ्यांत सरकून बसत असते, बिघडलेली नसते. बोटांनी हलकेच ओढून, पुन्हा सुरात लावून, असं पाच-सात वेळा करा. नायलॉनच्या तारांना चार-पाच दिवस द्या. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा, तार दुप्पट नाही तरी बरीच जास्त जगते.

तारा बसल्या की तेच गाणं, त्याच खोलीत, मोबाइल तेवढ्याच अंतरावर ठेवून पुन्हा रेकॉर्ड करा. पंधरा दिवसांनी तिसऱ्यांदा. मग ही तिन्ही रेकॉर्डिंगं दुसऱ्या कुणाला तरी उलटसुलट लावायला सांगा आणि पाठ करून ऐका. कोणतं आवडतं ते कागदावर लिहा, कोणतं कधीचं ते नंतर विचारा. जुनंच आवडलं तर खुशाल जुन्या तारांवर वाजवा, तुम्ही जेमरसनच्या पंगतीत बसलात. आणि काढलेल्या तारा फेकू नका. गुंडाळून, तारखेची चिठ्ठी लावून ठेवा. सहावी, जाड तार तर घरातले कुणी ना कुणी मागून नेतातच. फाटकाला बांधायला ती फार बरी पडते.